आईचा कॉम्प्युटर: दुरुस्त करायचा की बदलायचा

"मदरबोर्ड गेलाय काकू, आता याच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या, ३८ हजारांत सगळं बसवून देतो." एवढं सांगून, व्हिजिटचे ३०० रुपये घेऊन दुरुस्तीला आलेला मुलगा गेला आणि संध्याकाळी मला आईचा फोन आला. आई फोनवर फार बोलत नाही, त्या दिवशी तिने एकच विचारलं, "अगं, माझ्या फायलींचं काय होणार?"

ही मागच्या सप्टेंबरातली गोष्ट, २०२५ची, गणपती नुकतेच गेले होते. तेव्हापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरी हा एकच विषय चालू होता. ऑफिसातही तेव्हा जो तो हेच विचारत होता, कारण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारी अपडेट, संपणार होता आणि घराघरांत आठ-दहा वर्षं जुने कॉम्प्युटर आहेत. म्हणून सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल.

आधी आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे आईबाबा डोंबिवलीला राहतात आणि आई १९९८पासून घरी डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायची, कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, महिला मंडळाची स्मरणिका. एकेकाळी दिवाळीच्या आधी दोन महिने रात्री एक-एक वाजेपर्यंत तिच्या कीबोर्डचा आवाज यायचा आणि आम्ही भावंडं त्या आवाजातच झोपायचो. आता कामं कमी झालीत, महिन्याला पाच-सहा, पण तिची आहेत, तिच्या ओळखीची माणसं अजून "वहिनी, तुमच्याच हातची पत्रिका हवी" म्हणत येतात. ती मुळात टाइपरायटरवर शिकलेली, मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा दिलेली, त्यामुळे तिची बोटं अजून त्याच लेआउटवर चालतात आणि काम सगळं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली, त्यानंतर कंपनीने इनडिझाइनच पुढे नेलं. पण आईचं काम त्यात होतंय, उत्तम होतंय, तर तिने का बदलावं?

आणि फॉन्ट. ज्यांनी त्या काळात काम केलंय त्यांना माहीत असेल, युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसेल अशी पद्धत, सगळीकडे रुळायच्या आधी श्रीलिपी, आकृती अशी पॅकेजेस घेऊन मराठी टाइप करायचे आणि त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. म्हणजे फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, त्यावर तो ठरावीक फॉन्ट चढवला की मराठी दिसतं. फॉन्ट नसेल तर तीच फाईल उघडली की नुसता चिन्हांचा कचरा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाच्या फायली दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाहीत. शिवाय ही पॅकेजेस कॉपी होऊ नयेत म्हणून सोबत डोंगल यायचं, कॉम्प्युटरच्या मागे लावायचं एक छोटं कुलूप, ते नसेल तर टायपिंग चालूच होत नाही. आईचं डोंगल जुन्या पद्धतीचं आहे, पॅरलल पोर्टचं, म्हणजे पूर्वी प्रिंटरची ती रुंद, पंचवीस टोचणींची वायर जिथे लागायची तिथे बसणारं.

हा सध्याचा कॉम्प्युटर २०१४च्या दसऱ्याला मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणला होता. त्याच वर्षी एप्रिलात विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला होता म्हणून बदलायला लागला. चौथ्या जनरेशनचा इंटेल प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. बोर्ड मुद्दाम पॅरलल पोर्टवाला शोधून घेतला होता आणि विंडोज ७ही मुद्दाम ३२-बिट (विंडोजचा जुना प्रकार, नवा तो ६४-बिट) टाकलं, कारण डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखणारं सॉफ्टवेअर, ३२-बिटचा आहे आणि ६४-बिट विंडोजमध्ये तो चालत नाही. पुढे २०१६मध्ये फुकट अपग्रेड होतं तेव्हा विंडोज १० झालं, तेही अर्थात ३२-बिटच. हे तेव्हा कुणी लिहून ठेवलं नव्हतं, माझ्या डोक्यातूनही गेलं होतं, आणि दुरुस्तीवाल्यांना तर माहीत असायचं काही कारणच नाही.

तर सप्टेंबरात काय काय होत होतं. कॉम्प्युटर चालू व्हायला सात-आठ मिनिटं. मधेच माउस अडकायचा, आतून टिक टिक असा आवाज यायचा आणि मग पुढे सरकायचं. रोज सकाळी तारीख चुकीची, जानेवारी २०१४ वगैरे, त्यामुळे वेबसाइट उघडल्या की सर्टिफिकेटची भांडणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रिंट दिली की मशीन एकदम बंद, दिवा गेल्यासारखं, कधी कधी दिवसातून चार वेळा. ह्या शेवटच्या प्रकारामुळेच त्या मुलाला बोलावलं होतं आणि त्याने कॅबिनेट उघडून, धूळ बघून, पाच मिनिटांत मदरबोर्डचं नाव घेतलं. दुसऱ्या एकाने फोनवरच सांगितलं की रॅम ८ जीबी करा, सगळं पळेल. शेजारचे काका म्हणाले २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी होतोय, थांबा आणि मग नवीन घ्या. मी बघितलं, कॉम्प्युटर आणि लॅपटॉपवर आधीही १८ टक्के होता आणि नंतरही १८च राहिला, टीव्ही-एसीचं वेगळं होतं. भाऊ बंगळुरूहून म्हणाला, आता आईला लॅपटॉप दे, किती दिवस हे. सगळे प्रेमाने सांगत होते, पण मशीनला नक्की काय झालंय हे कुणीच बघितलं नव्हतं.

पितृपक्ष चालू होता आणि आत्या म्हणाली, ह्या पंधरा दिवसांत नवी वस्तू घरात आणू नका. आई ते पाळते. मला वाटतं ते पंधरा दिवस मिळाले म्हणूनच पुढचं सगळं नीट झालं, नाहीतर माझाही निर्णय जवळजवळ झाला होता, कार्ड स्वाइप करायचं आणि आईची काळजी मिटवायची.

शनिवारी डोंबिवलीला गेले. मी अकाउंट्समध्ये काम करते, हार्डवेअरमधली नाही, पण आकडा जुळत नसेल तर एकेक नोंद बाजूला काढून बघायची ही सवय आहे, तेच इथे केलं. आधी प्रिंटचं. आईला म्हटलं प्रिंट दे. दिली. लेझर प्रिंटर गरम व्हायला लागला, घरघर झाली आणि सगळं बंद. पण मी त्या वेळी टेबलाखाली बघत होते आणि मला ऐकू आलं की आधी यूपीएसने कुई केलं आणि मग कॉम्प्युटर गेला. वायरी मागे घेत गेले तर प्रिंटरची वायर यूपीएसमध्येच लावलेली! लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करायला आतला रूळ तापवतो आणि त्या क्षणी शेकड्यांनी वॅट खेचतो, घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसला ते झेपतच नाही. घरी रंगकाम झालं तेव्हा फर्निचर हलवताना कुणीतरी वायर तिथे लावली असणार. प्रिंटर काढून भिंतीच्या सॉकेटला लावला आणि आईला म्हटलं आता दे. दहा पानं आली, मशीन चालू. आईने ती दहा पानं हातात घेतली आणि नुसती बघत राहिली.

यूपीएसची बॅटरीही संपली होतीच, मेन बंद केला तर दोन सेकंदही टिकली नाही. १२ व्होल्ट ७ एएचची असते, स्टेशनजवळच्या दुकानात ९५० रुपयांत बदलून दिली आणि जुनी परत घेतली. तारखेचं दुखणं तर ४० रुपयांचं निघालं, मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, तो गेला की मशीन बंद केल्यावर तारीख आणि बायोसची (मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग विसरली जातात. अकरा वर्षांचा सेल, गेला तर काय नवल. म्हणजे "मदरबोर्ड गेला" यातला निम्मा मदरबोर्ड बॅटरी आणि सेल बदलून परत आला होता.

हा अनुभव आल्यावर मी सगळ्यांना कळकळीने सांगते, दुरुस्त की नवीन हे ठरवायच्या आधी प्रत्येक दुखण्याला वेगळं नाव द्या. जुन्या मशीनला एकाच वेळी तीन-चार गोष्टी होतात आणि आपल्याला वाटतं एकच मोठं काहीतरी झालंय. एकदम बंद पडत असेल तर यूपीएस, मग एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), मग प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट आणि अडकलेला पंखा. चालूच होत नसेल आणि बीप वाजत असेल तर बऱ्याचदा रॅम, ती काढून सोनेरी पट्टीवर खोडरबर हलका फिरवायचा आणि घट्ट बसवायची (मशीनची वायर काढूनच हां). तारीख जात असेल तर सेल. हे सगळे स्वस्त, सुटे, गल्लीत मिळणारे भाग आहेत. मदरबोर्ड खरंच गेला तर मात्र गोष्ट वेगळी, ती पुढे सांगते.

राहिलं होतं ते टिक टिक. ते खरं होतं.

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, हार्ड डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते त्या ते दाखवतं. आईच्या डिस्कवर पिवळ्या रंगात कॉशन आलं. दोन ओळी बघायच्या असतात, रिअॅलोकेटेड सेक्टर म्हणजे डिस्कवरचे जे छोटे कप्पे खराब झाले म्हणून डिस्कने राखीव जागा वापरून बदलले ते, आणि करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे जे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय ते. दुसरा आकडा मी शनिवारी दुपारी पाहिला आणि संध्याकाळी परत पाहिला तर वाढलेला. मी लगेच मशीन बंद केलं. ह्यात मला पूर्ण खात्री होती, कारण ऑफिसात एकाने अशाच डिस्कवर "स्कॅन करून बघू, डिफ्रॅग करून बघू" करत दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी डिस्क उठलीच नाही. मरायला टेकलेल्या डिस्ककडून दुरुस्तीची कामं करून घ्यायची नाहीत, तिच्यात जेवढा दम आहे तेवढा फक्त कॉपी करायला वापरायचा.

आईला बॅकअपबद्दल विचारलं. एक पेन ड्राइव्ह होता, त्यात २०१९पर्यंतचं काही. काही सीड्या कपाटात, त्यातल्या दोन वाचल्या, बाकीच्या नाही. आणि मग तिने हळूच विचारलं, "आणि नानांचं?"

नाना म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. कोकणात शाळामास्तर होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी वहीत आठवणी लिहिल्या होत्या, गावची शाळा, पावसात होडीतून जाणं, आजी गेली ते वर्ष. २००३मध्ये आईने त्या सगळ्या टाइप केल्या, ११२ पानं, नाना शेजारी खुर्चीवर बसून वाचून दाखवायचे आणि ती टाइप करायची. नाना २००६ला गेले. वह्या पुढे पावसाच्या पाण्यात भिजल्या. छापील एक प्रत मामाकडे आहे, तीही झेरॉक्स, फिकट झालेली. आणि मूळ फाईल ह्या डिस्कवर. पेन ड्राइव्हमध्ये ती नव्हती, कारण आई म्हणाली ते काही गिऱ्हाइकाचं काम नव्हतं ना, म्हणून बॅकअपच्या फोल्डरमध्ये टाकलंच नाही.

मला त्या वेळी खरंच धस्स झालं. तोपर्यंत मी दुरुस्तीचा खर्च आणि नव्याची किंमत अशी बेरीज-वजाबाकी करत होते.

रविवारी ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून फोनवर समजून घेत केलं. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू केलं, म्हणजे विंडोज त्या आजारी डिस्कला हातही लावत नाही. बाहेरून १ टीबीची यूएसबी डिस्क जोडली, ती मी स्टेशनवरूनच ४,८०० रुपयांना घेऊन गेले होते. आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम. तो साध्या कॉपी-पेस्टसारखा पहिल्या खराब जागी अडून बसत नाही, आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतो, कठीण जागा सोडून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलंय याची नोंद एका फाईलमध्ये ठेवतो, मग त्या राहिलेल्या जागांवर परत परत येतो. मधे लाइट गेली तरी नोंद असल्याने तिथून पुढे चालू करता येतं. मशीनचं कॅबिनेट उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावला, डिस्क गरम होऊ नये म्हणून. पहिल्या काही तासांत बहुतेक सगळं आलं आणि मग उरलेल्या थोड्याशा जागेसाठी दोन रात्री. मी सोमवारी रजा टाकली. बाबा रात्री उठून स्क्रीनवर आकडा बघून यायचे आणि सकाळी मला सांगायचे, इतका होता, आता इतका राहिलाय.

शेवटी ५०० जीबीपैकी १ एमबीपेक्षा थोडं जास्त वाचता आलं नाही. काही फोटो अर्धे राखाडी आले, तीन जुन्या पत्रिकांच्या फायली उघडत नाहीत. नानांच्या आठवणी पूर्ण आल्या.

मग कुठे खरा प्रश्न आला, की आता काय करायचं.

अर्ध्या किमतीचा नियम बरेच जण सांगतात, दुरुस्ती नव्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर नवीन घ्या. टीव्ही-मिक्सरला ठीक आहे, कॉम्प्युटरला मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात आपण नव्याची किंमत म्हणजे दुकानातलं बिल धरतो. आईचं बिल नुसतं ३८ हजारांचं नव्हतंच. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही, म्हणजे डोंगलचा ड्रायव्हर गेला. नव्या बोर्डांवर पॅरलल पोर्ट सहसा मिळत नाही, आणि यूएसबीला लावायच्या कन्व्हर्टरवर प्रिंटर चालतो पण असली डोंगल बहुतेक ओळखली जात नाहीत. म्हणजे फॉन्टचं नवं पॅकेज, नवं पेज लेआउटचं सॉफ्टवेअर आणि ते ६७व्या वर्षी नव्याने शिकणं, ऐन लग्नसराईच्या तोंडावर. शिकायला आईला काही अडचण नाही, ती यूट्यूबवरून क्रोशाची डिझाइन्स शिकते. पण कशासाठी, हा प्रश्न होता. उलट बाजूला काय, तर एक डिस्क. बाकी मशीन ठणठणीत होतं. पेजमेकरमध्ये पत्रिका लावायला २०१४चा प्रोसेसर गरजेपेक्षा जास्तच आहे.

रॅमवाल्या सल्ल्याचं तर मला नंतर वाईट वाटलं, कारण तो अगदी ठोकून सांगितला जातो. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही, त्यातलीही थोडी हार्डवेअरसाठी जाते आणि साडेतीनच्या आसपास उरते. ८ जीबी टाकून आईचा एक रुपयाचाही फायदा झाला नसता. टास्क मॅनेजर उघडून बघायचं, डिस्क १०० टक्के दिसतेय की मेमरी, त्यावरून कळतं कशाने अडतंय. आमच्याकडे डिस्क कायम १००वर होती.

म्हणून लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन विचारलं तर दुकानदारही क्षणभर थांबतात. डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, मग चालत. बाबा बरोबर आले, २०१४ला ते आणि आई दोघंच आले होते त्याच रस्त्यावर, ते दुकान आता नाही. तिथे मला एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली नव्या प्रकारची डिस्क, हवी होती आणि दुकानदार ४८० जीबीची देत होता, स्वस्त पडेल म्हणून. मी ५१२चीच मागितली, कारण मला विंडोज नव्याने टाकायचं नव्हतं, जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवायची होती, आणि ५०० जीबीची प्रत ४८०मध्ये सरळ बसत नाही, आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, लहान करायचा खटाटोप करावा लागतो. विंडोज, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटर, आईने वीस वर्षांत बसवलेल्या सगळ्या सवयी, सगळं आहे तसं हवं होतं. ३,१०० रुपये. डिस्क जोडायची साटा केबल १००, थर्मल पेस्ट २००.

प्रत उतरवली, त्यावर विंडोजचं डिस्क चेक चालवलं (आता चालवायला हरकत नाही, नवी डिस्क आहे), आणि मशीन मिनिटाच्या आत चालू झालं. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीवर इकडून तिकडे हलावं लागतं, प्रत्येक वेळी सेकंदाचा शंभरावा हिस्सा म्हटलं तरी विंडोज चालू होताना हजारो छोट्या फायली वाचल्या जातात, ती सगळी धावपळ एसएसडीत नसते कारण हलणारं काही नाहीच. जुन्या कॉम्प्युटरवर एकच खर्च करायचा असेल तर तो हा. बॅटरी, सेल, केबल, पेस्ट धरून सगळा हिशेब ४,३९० रुपये झाला, वर ती बाहेरची डिस्क, पण ती बॅकअपला लागणारच होती, ती मी दुरुस्तीत धरत नाही.

पण एक गोष्ट मी ठामपणे केली. आईच्या मशीनची इंटरनेटची केबल काढून टाकली. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १०ला सिक्युरिटी अपडेट बंद, आणि त्याच मशीनवर बाबा बँकेचं नेटबँकिंग करायचे, पेन्शनचे कागद बघायचे, ते मला चालणार नव्हतं. (ज्यांना जुनंच मशीन नेटवर वापरायचंय त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत एक वर्षाची वाढीव अपडेट मिळतात, विंडोज बॅकअपचं सिंक चालू केलं तर पैसेही पडत नाहीत. पण ती एका वर्षाची सोय आहे, तेवढ्या वेळात पुढचं ठरवा.) मग बाबांसाठी काय, तर त्याच रस्त्यावर कंपन्यांच्या लीजवरून परत आलेली छोटी ऑफिस मशीन्स मिळतात, डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क वगैरे. १४,५००ला एक घेतलं, आठव्या जनरेशनचं आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि सहा महिन्यांची लेखी वॉरंटी. नवरात्र सुरू झालं होतं, आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

इथे एक सांगते, विकणारे नुसतं "आय५ आहे" म्हणतात, त्यावर जाऊ नका. पुढचा आकडा बघा. आय५-६५०० म्हणजे सहावी जनरेशन, आय५-८५०० म्हणजे आठवी. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. मला पहिल्या दोन दुकानांत सहावीच दाखवली, विंडोज ११ टाकून चालू करून. चालतं, पण ते आडमार्गाने टाकलेलं असतं, पुढे अपडेटला अडेल का याची हमी कोण देणार. आणि विकत घ्यायच्या आधी त्याच क्रिस्टल डिस्क इन्फोने त्याची डिस्क किती तास चाललीय ते बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत.

म्हणजे आमच्याकडे उत्तर दोन्ही झालं, एक दुरुस्त आणि एक बदललं. आधी आम्ही एकाच मशीनकडून दोन वेगळ्या कामांची अपेक्षा करत होतो, एक काम जुनं राहिलं तरी चालेल असं आणि एक जुनं अजिबात चालणार नाही असं, त्यामुळे कुठलंही उत्तर अर्धं चुकतच होतं. दोन मशीनमध्ये पेन ड्राइव्ह फिरतो, तो आधी बाबांच्या मशीनवर स्कॅन करायचा आणि मगच आईकडे, हा नियम बाबा अगदी काटेकोर पाळतात. दिवाळीनंतर रॅमच्या किमती भडकल्या, मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय म्हणून, तेव्हा नवीन असेंबल करायचा विचार करणाऱ्यांना आता सेकंडहँड ऑफिस मशीन आणखीच परवडेल.

आता मदरबोर्डचं, वर म्हटलं होतं ते. आईच्या मशीनचा मदरबोर्ड खरंच गेला तर मी दुरुस्त करणार नाही. त्या सॉकेटचे (प्रोसेसर बसायच्या त्या जागेचे) मोठ्या कंपन्यांचे नवे बोर्ड आता सहसा मिळत नाहीत, जुने काढलेले मिळतात आणि ते किती दिवस चालतील कोणी सांगू शकत नाही. आजच्या पिढीच्या बोर्डवर हा प्रोसेसर बसत नाही आणि ही जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅमही नाही, म्हणजे एक भाग बदलायला जावं तर तीन बदलतात. तिथे थांबायचं. हे मी आईला आत्ताच सांगून ठेवलंय, म्हणजे त्या दिवशी परत कुणी ३०० रुपये घेऊन घाबरवणार नाही, आणि त्या दिवसाची तयारीही चालू केलीय.

तयारी म्हणजे युनिकोड. आईच्या सगळ्या फायली बदलायची गरज नाही, २००५ची लग्नपत्रिका कुणाला हवीय. पण स्मरणिका, शाळेचा शतकमहोत्सवी अंक, आरत्यांचं पुस्तक, आणि सगळ्यात आधी नाना. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढायचा, कन्व्हर्टरमधून युनिकोड करायचा आणि मग ओळ न ओळ वाचायची, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, "र्य"चं काहीतरी भलतंच होतं, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते. मी शनिवारी जाते तेव्हा आम्ही दोघी बसतो. मी बाबांच्या मशीनवर नवा मजकूर वाचते आणि आई तिच्या मशीनवर जुनं पान उघडून बसते, आणि मी चुकले की थांबवते. मागच्या आठवड्यात ती एका पानावर थांबली, म्हणाली इथे नाना "नावाडी"ऐवजी "तांडेल" म्हणाले होते, मीच तेव्हा बदललं होतं, लोकांना कळणार नाही म्हणून. मग तिने मला तो शब्द परत तांडेल करायला लावला.

११२पैकी ३१ पानं झालीत. जुनी डिस्क तिच्या कपाटात स्टीलच्या डब्यात आहे, वर तारीख लिहिलेली.